प्लग काळा पडतोय, पण फ्यूज काही उडत नाही

प्रश्न: आम्ही परळला चाळीत राहतो. मोरीत ३ लिटरचा इन्स्टंट गीझर बसवलाय, ३००० वॅटचा. त्याचा मोठा प्लग आमच्या छोट्या सॉकेटमध्ये जाईना म्हणून मिस्टरांनी कन्व्हर्टर लावला. सुरुवातीला सारखा फ्यूज उडायचा, मग वायरमनने जाड तार टाकून दिली तेव्हापासून उडत नाही. पण कन्व्हर्टरची एक पिन काळी पडते आणि सकाळी जळका वास येतो. दोनदा कन्व्हर्टर बदलला तरी तेच. मिस्टर म्हणतात, बिघाड असता तर फ्यूज उडाला असता. आणि मुलगी नववीत आहे, ती वेगळंच विचारते, एका सूत्रात रोध वाढला की पॉवर वाढते, दुसऱ्यात रोध वाढला की पॉवर कमी होते, मग खरं कुठलं?
– एक वाचक, परळ

उत्तर: ताई, आधी मेन बंद करून तो कन्व्हर्टर काढून ठेवा आणि वायरिंग नीट होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा. मग पुढचं वाचा.

तुमच्या लेकीच्या प्रश्नातच काळ्या पिनचं उत्तर आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पियर. घरात येतात २३० व्होल्ट, तेव्हा ३००० ला २३० ने भागलं की १३ ॲम्पियर झाले. आता छोट्या सॉकेटवर बघा, बारीक अक्षरांत ६ ॲम्पियर लिहिलेलं सापडेल, म्हणजे दुपटीहून जास्त करंट तुम्ही त्यातून रोज ओढताय. फ्यूज उडत होता ते बरोबरच होतं हो! जाड तार टाकली तिथे चुकलं, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण जुन्या चाळीत आतलं लाकूडकाम सुकलेलं असतं आणि वायर भिंतीआड तापली तर बाहेर कुणाला कळतही नाही.

आता रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काढू. व्होल्टेजला करंटने भागायचं, २३० भागिले १३, म्हणजे गीझरच्या कॉईलचा रोध साडेसतरा ओहमच्या आसपास. हा रोध हवाच, त्यानेच पाणी तापतं. भानगड आहे दुसऱ्या रोधाची. सॉकेटच्या आत पितळेची पट्टी असते, ती पिनला चिमटीसारखी घट्ट धरते. ती ढिली झाली की पिन कुठेतरी एका टोकाला टेकते आणि तिथे समजा फक्त पाव ओहम रोध तयार झाला. उष्णता किती? करंटचा वर्ग गुणिले रोध, १३ गुणिले १३ म्हणजे १६९, त्याचा पाव, ४२ वॅट. लॅमिंग्टन रोडला मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते, इथे त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या डबीत कोंडलीये! पट्टी तापते, तापली की तिचा ताण जातो, अजून ढिली होते, वर काजळी धरते, रोध अजून वाढतो. कन्व्हर्टर नवा आणलात तरी पट्टी तीच जुनी, म्हणून पिन पुन्हा काळी.

आणि फ्यूज का उडत नाही? साडेसतरामध्ये पाव ओहम मिळवला तर एकूण रोध वाढला, म्हणजे करंट उलट किंचित कमीच झाला. फ्यूजला फक्त ॲम्पियर कळतात, पिन किती तापली ते त्याला कळायचा मार्गच नाही. फ्यूजच्या जागी बसतो तो एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, त्याचंही तेच. मिस्टरांना एवढं नक्की वाचून दाखवा.

लेकीला सांगा: बाळ, दोन्ही सूत्रं खरी आहेत, फक्त काय कायम राहतंय ते आधी बघायचं. घरातली उपकरणं समांतर जोडलेली, प्रत्येकाला २३० व्होल्टच मिळतात, म्हणून तिथे वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध, रोध कमी तर वॅट जास्त. जुना १०० वॅटचा बल्ब ५२९ ओहमचा आणि आपला ३००० वॅटचा गीझर साडेसतराचा. (मल्टिमीटरने बंद बल्ब मोजलास तर चाळीसच्या आसपासच दिसेल, घाबरू नको, तार थंड असताना रोध खूप कमी असतो.) पण ढिली पिन गीझरच्या एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक आहे, तिच्यातून तेच १३ ॲम्पियर जाणार, तिथे करंटचा वर्ग गुणिले रोध हे सूत्र, रोध वाढला की उष्णता वाढणार.

आता काम काय करायचं, तर लायसन असलेला वायरमन बोलवा आणि मीटरपासून गीझरसाठी वेगळी लाईन घ्या, तांब्याची वायर, कमीत कमी अडीच स्क्वेअर एमएम, मी तर चारची सांगेन. १६ ॲम्पियरचा सॉकेट, त्याला एमसीबी, नीट अर्थिंग, आणि मोरी ओली असते म्हणून ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच. मीटरचा मंजूर लोड पुरतो का तेही विचारून घ्या. सॉकेट मोरीच्या बाहेर, पाणी उडणार नाही असा. सगळं झालं की दहा मिनिटं गीझर चालवा, बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगला वरून हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर वायरमनला पैसे द्यायच्या आधी स्क्रू पुन्हा आवळून घ्या.