तीन महिन्यांचं पिल्लू आणि दोन वर्षांचा गिनी पिग: दोघांना एकच वाळलेलं गवत चालेल का?

तुमच्याकडे दोन वर्षांचा एक नर आणि तीन महिन्यांचं एक पिल्लू आहे. दुकानात टिमोथी, ऑर्चर्ड, ओट आणि अल्फाल्फा अशा वाळलेल्या चाऱ्याची पाकिटं दिसली, आणि दोघंही अल्फाल्फावर तुटून पडतात. मग तेच रोज का देऊ नये, असं तुम्ही विचारलंय.

रोजचं गवत दोघांनाही टिमोथीच द्या, आणि ते चोवीस तास समोर असू द्या. पिल्लाला त्याच्या जोडीला मूठभर अल्फाल्फा चालेल, पण सहा महिन्यांचं होईपर्यंतच. मोठ्याला नको.

अल्फाल्फा म्हणजे लसूणघास. नावात घास असला तरी ती गवत नाही, वाटाण्याच्या कुळातली वनस्पती आहे. तिच्यात प्रथिनं भरपूर आणि कॅल्शियम टिमोथीच्या दुप्पट-तिप्पट असतं. वाढत्या पिल्लाला, गाभण मादीला, पिल्लांना पाजणाऱ्या आईला ते उपयोगी पडतं. वाढ पूर्ण झालेल्या गिनी पिगच्या शरीरातून मात्र जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, आणि तिथेच मूतखड्याची भीती असते. लघवी वाळल्यावर थोडा पांढरट डाग राहतो, त्याला घाबरू नका. डाग बोटाला वाळूसारखा रवाळ लागला, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी करताना गिनी पिग किंचाळला, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पिल्लाला वेगळ्या खोक्यात बसवून अल्फाल्फा खाऊ घाला, नाहीतर मोठाच ते फस्त करेल.

आता दातांचं, कारण माझ्या मते गवत निवडताना सगळ्यात जास्त विचार त्यांचाच करायला हवा. गिनी पिगला वीस दात असतात आणि पटाशीच्या दातांपासून दाढांपर्यंत सगळे जन्मभर वाढत राहतात. ते झिजतात ते गवत चघळताना, जबडा सतत फिरत राहतो तेव्हा. गोळी खाद्य दोन-चार चाव्यांत चुरा होऊन पोटात जातं, दाढांना काम उरत नाही.

माझ्या भुरी नावाच्या गिनी पिगपुढे मी गोळ्यांची वाटी कायम भरलेली ठेवायचे. गवताला ती फारसं तोंड लावत नव्हती, आणि पोट भरतंय ना, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग एक दिवस दिसलं की ती काडी उचलते, एक-दोनदा चावते आणि काडी तोंडातून खाली पडते. पुन्हा तीच काडी उचलते. हनुवटीखालची लव ओली झाली होती. खालच्या दाढा वाढून आत झुकल्या होत्या, जिभेवर कमान झाली होती, त्यामुळे तिला गिळता येत नव्हतं. भूल देऊन दाढा कापून घ्याव्या लागल्या आणि नंतर कित्येक दिवस तिला सिरिंजने भरवलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता तो हाच, गवत किती खाते?

म्हणून टिमोथीतही हंगामातली कितवी कापणी आहे ते बघून घ्या. पहिल्या कापणीत जाड काड्या आणि ओंब्या जास्त, तिसऱ्या कापणीत नुसती मऊ पानं. दुसऱ्या कापणीत दोन्ही बेताचं असतं, बहुतेक गिनी पिग ते आवडीने खातात. तुमचा नर काड्या खात असेल तर पहिली कापणी उत्तमच. घरात कुणाला टिमोथीने शिंका येत असतील तर ऑर्चर्ड घ्या, तेही तितकंच चांगलं. ओट अधूनमधून चवीपुरतं. भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड मात्र खाणं म्हणून देऊ नका, त्यात पोषण जवळजवळ नसतंच.

पाकिट उघडलं की आधी वास घ्या. गोडसर, सुक्या गवताचा वास यायला हवा. कुबट वास आला, ओलसर लागलं किंवा काळे-पांढरे ठिपके दिसले तर सगळं टाकून द्या, निवडून वापरू नका. मग मूठभर गवत उजेडात झटका. धुळीचा ढग उठला तर ते गवत त्यांच्या नाका-डोळ्यांना त्रास देणार. रंग हिरवट हवा, थोडी तपकिरी पानं असली तरी हरकत नाही. घरी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधलं की ओल धरतं.

प्रत्येकाला दिवसाला निदान त्याच्या अंगाएवढा ढीग लागतो. ते त्यावर बसतात, लघवी करतात आणि घाण झालेलं खात नाहीत. ते त्यांचे नखरे नाहीत, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ताजं घाला. वाळलेल्या गवतात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही आणि गिनी पिगचं शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून रोज थोडी ढोबळी मिरची हवीच.

मोठ्याचं अल्फाल्फा एकदम तोडू नका. टिमोथीत मिसळून आठ-दहा दिवसांत कमी करत आणा. तो रुसेल, पण गोळ्या वाढवून त्याची समजूत काढू नका. या काळात स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन दिवसांआड वजन करा आणि लेंड्यांवर नजर ठेवा. लेंड्या बारीक किंवा कमी व्हायला लागल्या किंवा बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.