आधी त्या मुलीच्या आईकडे जा

पत्र

मावशी, प्रभूमध्ये सलाम.

मी सोलापूरची, वय ४३. पूर्व भागात राहते. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दोन वर्षांपासून मी संध्याकाळी गल्लीतल्या नऊ मुलींना घरी शिकवते. सगळ्या विडी कामगारांच्या मुली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे गणितापेक्षा गणितातली भाषाच त्यांना अडवते. पैसे घेत नाही.

मार्चमध्ये दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगी घाबरून रडायला लागली. ‘मिस, तुमच्या देवाला सांगा ना,’ म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दोन मिनिटं, जास्त नाही. ती पास झाली आणि आनंदाने सगळ्यांना सांगत सुटली. तेव्हापासून कुजबुज आहे. चहाच्या टपरीवर एका पोराने मिस्टरांना विचारलं, ‘वहिनी नक्की काय शिकवतात म्हणे?’ तीन मुली यायच्या बंद झाल्या.

मिस्टर म्हणतात, वर्ग बंद कर, आणि यंदा नाताळची चांदणीही लावायची नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, सध्या दिवस बरे नाहीत, करायचं तर गाजावाजा न करता करा, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये असं शास्त्रच सांगतं. दर रविवारी मात्र ऐकते, की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मी थांबले तर भित्री ठरते, नाही थांबले तर घर धोक्यात घालते. काय करू? नाव छापू नका.

उत्तर

सलाम, बाळ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या मिस्टरांचा राग आला, दुसऱ्यांदा पाळकसाहेबांचा. मग चहा करून घेतला, आणि कप विसळताना लक्षात आलं, की एवढ्या पत्रात मिस्टर आहेत, पाळकसाहेब आहेत, टपरीवरचा पोरगा आहे, पण त्या मुलीची आई कुठेच नाही.

तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब गाठायचा. पाठीचा काटा ढिला होतो. त्या धंद्याचंही आता काही खरं नाही. २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला, पाकिटावर आधीच कर्करोगाची चित्रं आलेली, आणि ओढणारेही कमी होत चाललेत (ते बरंच आहे म्हणा, पण ज्या घराची चूल त्यावर पेटते तिथे हे बोलून दाखव बघू). अशी बाई स्वतःच्या पोरीला दोन तास सूप बाजूला ठेवू देते आणि तुझ्याकडे पाठवते. पोरीच्या मांडीवर तरी हे येऊ नये, एवढीच तिची इच्छा असते. आणि तिच्या मुलीच्या डोक्यावर कोणी हात ठेवला, काय पुटपुटलं, हे तिला गल्लीतून कळलं. तुझ्याकडून नाही.

तू वाईट काही केलंस, असं मी म्हणत नाही. रडणाऱ्या पोरीने मागितलं आणि तू दिलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. खरं सांगायचं तर केलंही आहे, आणि तेही न मागता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेत परीक्षेच्या सकाळी मी अख्ख्या वर्गाला डोळे मिटायला लावून प्रार्थना घेतली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील आले. आरडाओरडा नाही, काही नाही. चप्पल दाराबाहेर काढून आत आले आणि एवढंच म्हणाले, ‘बाई, आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.’ मी आठवडाभर नीट जेवले नाही. तो माणूस भांडला असता तर मी छळ सोसल्याच्या अभिमानात राहिले असते. पण त्याने मला तशी सोय ठेवली नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही. पाळकसाहेब, मिस्टर, टपरी, सगळं नंतर. आधी त्या आईकडे जा. दिवसाउजेडी जा, तिच्या घरी जा, आणि सांग: तुमच्या मुलीने मागितलं म्हणून मी तिच्यासाठी माझ्या देवाकडे प्रार्थना केली. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं, माझं चुकलं. वर्गात मी धर्म शिकवत नाही आणि शिकवणार नाही. बस्स, एवढंच. मागे ‘पण’ लावू नकोस. मग ती काय बोलेल ते ऐकून घे. कदाचित ती हसेल. कदाचित म्हणेल, मिस, पुन्हा नको. तसं म्हणाली तर पुन्हा नाही.

भीती म्हणशील तर तुझी खरी परीक्षा त्या उंबऱ्यावर आहे. टपरीवरच्या पोराशी दोन हात करणं त्या मानाने सोपं.

कायद्याचंही सांगते, कारण हल्ली जो उठतो तो कायद्याचं नाव घेतो. घटनेचं २५वं कलम तुला तुझा धर्म मानायचा, आचरायचा आणि सांगायचाही हक्क देतं. त्याच घटनेचं २८वं कलम म्हणतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. तुझी ओसरी काही मान्यताप्राप्त शाळा नाही. पण न्याय तोच धर. पहिलं कलम आपल्या लोकांना तोंडपाठ असतं, दुसरं कोणी वाचत नाही.

आता पाळकसाहेबांच्या ‘गाजावाजा न करता’कडे येऊ. उजव्या-डाव्या हाताचं वचन दानधर्माचा डांगोरा पिटणाऱ्यांसाठी आहे, लपूनछपून काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी नाही. त्याच डोंगरावरच्या उपदेशात, एकच अध्याय आधी, दिवा मापाखाली ठेवू नका असंही आहे. तुझ्या बाबतीत तर गुपचूप करणं हाच धोका. दार लावून, पडदा ओढून सहा मुली आत बसल्या की गल्लीला आतलं काहीही रंगवता येतं. दार उघडं असलं की आत फक्त त्रैराशिक दिसतं, आणि त्रैराशिकात कोणाला फार वेळ रस राहत नाही.

उघड्या दाराचं म्हणतेच आहे तर पंडिता रमाबाईंची आठवण काढायला हवी, आणि ती अर्धी काढून चालणार नाही. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला आणलं. उच्चवर्णीय विधवांसाठीची शाळा, आणि धर्मशिक्षण देणार नाही असा शब्द. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेऊन आलेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. कोणाला बोलावत नसत, आलेल्याला हाकलत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

आपल्या मंडळीत ही गोष्ट सांगताना रमाबाई तेवढ्या शूर आणि बाकीचे सगळे कोत्या मनाचे, अशी सांगतात. मला ती तशी सांगता येत नाही. रानडे काही धर्मवेडे नव्हते. पालकांना एक शब्द दिलाय आणि मुलींना दुसरंच दिसतंय, हे त्यांना खुपलं. रमाबाईंनाही स्वतःच्या खोलीत चोरासारखी प्रार्थना करणं मान्य नव्हतं. दोघांचंही म्हणणं मला कळतं. आणि म्हणूनच मी तुला सांगते, की नुसतं दार उघडं पुरत नाही, दाराबाहेरच्या आयांनाही आत काय आहे ते तुझ्याच तोंडून आधी कळलेलं असायला हवं.

मुली नेल्या म्हणून रमाबाई थांबल्या नाहीत, हेही खरं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला अशा निराधार बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सुटलं की ते स्टेशन लागतं. इतकी वर्षं मी त्या मार्गाने ये-जा करते, पण डब्यात कोणाला त्याचं नावही आठवत नाही. दौंडला चहा मात्र सगळ्यांना आठवतो.

मिस्टरांबद्दल. त्यांना भित्रा म्हणू नकोस, मनातसुद्धा. भोंग्यावर घड्याळं लावणारं आपलं गाव. एकेक गिरणी बंद पडली आणि भोंगेही गेले. तुझ्या मिस्टरांच्या वयाच्या माणसाने बापाची नाहीतर चुलत्याची नोकरी जाताना घरात बसून पाहिलेली असते. आता टॉवेलच्या कारखान्यात आज पाळी आहे, उद्या आहे की नाही ते मालकाच्या ऑर्डरवर. असा माणूस ‘मालकाच्या कानावर गेलं तर?’ म्हणतो तेव्हा तो अविश्वासू नसतो, हिशेबी असतो. त्यांच्याशी शास्त्रवचनांनी भांडू नकोस. त्यांना एकच गोष्ट विचार, की वर्ग बंद केला तर लोक काय म्हणतील. माझ्या अंदाजाने लोक म्हणतील, बघा, पकडलं म्हणून बंद केला. थांबल्याने संशय पुसला जात नाही, पक्का होतो. हे त्यांना हिशेबातच पटेल. आणि त्या आईकडे जाताना त्यांनाही बरोबर चल म्हण. नाही आले तर रुसू नकोस.

वर्गाचं म्हणशील तर मी काही गोष्टी बदलेन. बैठक आतल्या खोलीतून बाहेर, ओसरीवर आण. महिन्यातून एकदा, कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी, आयांना बोलाव, मुलींच्या वह्या दाखव, वर्गाची वेळ त्यांनाच ठरवू दे. त्यांच्यातलीच एखादी बारावी झालेली सून नाहीतर मुलगी शोध आणि शिकवायला शेजारी बसव. गणितातलं मराठी तेलुगूत समजावून सांगायला ती तुझ्यापेक्षा हजार पटींनी बरी. उद्या तुझ्यावर बोट आलं तर साक्षीदार म्हणूनही ती उपयोगाची, पण तेवढ्यासाठी बोलावू नकोस. तुला तिची खरोखर गरज आहे.

आणि फुकट शिकवणं बंद कर. हसू नकोस. फुकटाचा संशय येतो, आणि फुकट घेणाऱ्याची मान खाली जाते. महिन्याला वीस रुपये घे, नाहीतर आयांनी पाळीपाळीने खडू-वह्या आणाव्यात. पैसे देणारी बाई प्रश्न विचारू शकते. तिने तुला प्रश्न विचारावेत हेच तर आपल्याला हवंय.

भिंतीवरची येशूची तसबीर असली तर राहू दे. चांदणीही लाव. ते तुझं घर आहे, आणि तू कोण आहेस हे त्या गल्लीला तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून माहीत आहे. दरवर्षीची चांदणी यंदाच दिसली नाही तर उलट लोक विचारतील, काय झालं म्हणून. मात्र वर्गात गोष्ट सांगताना, बक्षीस देताना, चर्चच्या शब्बाथ शाळेतली, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गातली, पुस्तकं वाटून टाकायचा मोह होईल, तो आवर. मुलींनी मागितली तरी आईला विचारून.

कोणी नुसतं विचारलं तर उत्तर दे, ओसरीवर येऊन बसा म्हण. कोणी धमकी दिली तर ती सहन करण्यात काही आध्यात्मिक नाही. दोन माणसं बरोबर घेऊन पोलीस चौकीत जा आणि लेखी तक्रार दे. त्या दोघांत एक तरी आपल्या मंडळीबाहेरचं असू दे.

पाळकसाहेबांना माझा सलाम सांग आणि एक निरोपही. बायबलमधल्या एस्तेर राणीचं, आपल्या यहुदी लोकांसाठी जीव धोक्यात घालून राजाकडे जातानाचं, ‘मेले तर मेले’ आपण सगळे आवडीने ऐकवतो. त्याच वाक्याच्या अलीकडे ती आपला चुलतभाऊ मर्दखय याला सांगते, की शूशन राजधानीतल्या सगळ्या यहुद्यांना गोळा कर, तीन दिवस माझ्यासाठी उपास करा, मी आणि माझ्या दासीही करतो, आणि मग मी राजाकडे जाईन. बाई एकटी गेली नाही. तुझ्या बाजूने मात्र अजून कोणी पाण्याचा पेलाही बाजूला सारलेला दिसत नाही. उपास नको करू दे त्यांना. महिन्यातून एक संध्याकाळ तुझ्या ओसरीवर अर्धा तास बसावं आणि सातवीच्या पोरींना अपूर्णांक शिकवावेत, एवढं विचार. अपूर्णांक येत नसतील तर शुद्धलेखन तपासावं.

त्या आईकडे जाताना हातात काही नेऊ नकोस, फळं नको, केक तर मुळीच नको. मुलगी पुढच्या वर्गासाठी काय करतेय, तेवढं विचार. दहावी झाली, पुढे कुठे घातलंय, की सूप मांडीवर आलं, हे तुझ्या पत्रात नाही, आणि त्या प्रार्थनेपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी लागून राहिली आहे.

काय झालं ते कळव. पुढच्या पत्रात नाव लिही, छापणार नाही. पण प्रार्थनेत ‘ती सोलापूरची’ असं किती दिवस म्हणू?

तुझी मावशी