“बोर्ड गेलंय” म्हणजे नेमकं काय गेलंय?

ताई, तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. 43 इंची एलईडी टीव्ही, सहा वर्षांचा. हिवाळ्यापासून सकाळी लागायला वेळ घ्यायला लागला. आधी दोन मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. तोवर तांबडा दिवा लुकलुकतो आणि आतून बारीक टिक-टिक ऐकू येते. एकदा लागला की रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो. परवाच्या वळवात लाईट चार वेळा गेली-आली, तेव्हापासून तासभर वाट बघून कधी लागतो, कधी नाही. मेकॅनिकनं न उघडताच “बोर्ड गेलंय, साडेसात हजार” सांगितलं. नवाच घ्यावा का, हा तुमचा प्रश्न; आणि आयटीआय केलेला मुलगा “मी उघडतो” म्हणून मागं लागलाय. सासूबाईंच्या मालिका बुडतायत ते वेगळंच.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी सत्तावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. डबा टीव्हीची ईएचटी, म्हणजे हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, बदलण्यापासून सुरुवात केली, आता पुतण्या बसतो तिथं. “बोर्ड गेलंय” हे मी स्वतः किती वेळा म्हटलंय त्याला हिशोब नाही. त्याचा खरा अर्थ असा: बोर्डावरचं काहीतरी गेलंय, ते शोधायला माझा अर्धा दिवस जाईल, त्यापेक्षा अख्खं बोर्ड बदलतो आणि मोकळा होतो. म्हणून तो माणूस तुम्हाला फसवतोयच असं नाही. दहा रुपयांचा पार्ट बदलला तर गिऱ्हाईक पाचशे रुपये मजुरी द्यायला कुरकुरतं, बोर्ड बदललं की साडेसात हजार मुकाट देतं. आपणच लावलेली सवय आहे ही.

पण तुमच्या लक्षणांत एक गोष्ट फार बोलकी आहे. टीव्ही मेलेला नाही, उशिरा उठतोय. आणि तो उशीर दिवसेंदिवस वाढत गेलाय.

असाच एक टीव्ही आमच्याकडं एका तालमीतून आला होता. पोरं सांगत होती, “काका, पहाटे जोर-बैठका सुरू करायच्या आधी बटण दाबून ठेवतो, मेहनत संपेपर्यंत लागतो.” पुढं पुढं कुस्त्या संपून थंडाई घोटून झाली तरी टीव्ही लुकलुकतच राहिला, तेव्हा कुठं खांद्यावर टाकून आणला. उघडला तर सप्लायच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या, बोर्डावर ओळीनं तीन कंडेन्सर उभे, आणि मधल्याची टोपी पुरणपोळीसारखी टम्म फुगलेली. तुम्ही कपॅसिटर म्हणता, आम्ही जुनी माणसं कंडेन्सरच म्हणतो. तीन कंडेन्सर बदलले, साठ रुपयांचं सामान. त्याच बोर्डावर तो टीव्ही पुढं चार वर्षं चालला.

हे का होतं, ते मुलाला नीट समजू दे. भिंतीतून 230 व्होल्ट येतात, बोर्डावर त्याचे साधारण 325 व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या, जाड कंडेन्सरमध्ये साठतात. पुढं एक आयसी, म्हणजे चिप, ते कापून-कापून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी करतो: स्टँडबायला 5 व्होल्ट, चालू झाल्यावर 12 व्होल्ट, आणि स्क्रीनमागच्या दिव्यांना वेगळे. हल्लीच्या काही टीव्हीत 5 व्होल्टची वेगळी लाईन नसतेच, 12 व्होल्ट कायम चालू असतात. बाहेर पडणारा हा करंट खडबडीत असतो, तो गुळगुळीत करायचं काम या छोट्या कंडेन्सरांचं. त्यांच्या आत ओलं रसायन असतं. उष्णतेनं ते वर्षानुवर्षं सुकत जातं, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. भिंतीला चिकटवून बसवलेला, मागं हवा नसलेला टीव्ही आणि आपला एप्रिल-मे, विचार करा.

सुकलेला कंडेन्सर दिव्यापुरता करंट देतो, म्हणून तांबडा दिवा लागतो. पण मेन बोर्ड, म्हणजे चित्र-आवाज चालवणारं बोर्ड, जागं होऊन जोरात करंट ओढायला गेलं की व्होल्टेज बसतं, 5 चे 4 होतात, आतला प्रोसेसर परत झोपतो. सप्लाय पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बसतो. ती टिक-टिक म्हणजे सप्लायला लागलेली उचकीच. असं करता करता कंडेन्सर जरा गरम होतो, गरम झाला की आतला अडथळा कमी होतो, आणि टीव्ही लागतो. थंडीत जुन्या स्कूटरला वीस किका मारायला लागायच्या, तसंच हे. तुमचा त्रास हिवाळ्यात सुरू झाला हेही त्यात बसतं.

याची एक घरगुती परीक्षा आहे, आणि तुमच्या टीव्हीला ती चपखल लागू पडते. हेअर ड्रायर. टीव्हीची पिन काढा, मागचं झाकण काढा, सप्लायच्या बोर्डावर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं, म्हणजे मेन बोर्डाकडं जाणाऱ्या वायरींच्या बाजूला, जे छोटे कंडेन्सर आहेत त्यांच्यावर दीड-दोन मिनिटं गरम हवा मारा. फार जवळून नको, प्लास्टिकचं आवरण आकसता कामा नये. आणि पॅनेलच्या, म्हणजे स्क्रीनच्या, दिशेनं तर अजिबात नको. मग पिन लावून, आत कुठंही हात न लावता बटण दाबा. रोज तासभर घेणारा टीव्ही झटक्यात लागला तर दुखणं सापडलंच म्हणून समजा. नाही लागला तर लगेच निराश व्हायचं नाही, कारण एक लबाड कंडेन्सर दुसरीकडं लपलेला असतो. सप्लायच्या आयसीजवळ, 325 व्होल्टच्या बाजूला, करंगळीच्या पेराएवढा, बहुतेक 22 किंवा 47 मायक्रोफॅरड क्षमतेचा, 50 व्होल्टचा. आयसीला सुरुवातीचा दम देतो तो. हा सहसा फुगत नाही, गळत नाही, मुकाट मरतो. “सगळे कंडेन्सर बघितले, एकही फुगलेला नाही” म्हणणारे इथंच फसतात. मी तर संशय असला की हा न मोजताच बदलायचो.

आता मुलासाठी, आणि हे तुम्ही त्याला समोर बसवून वाचून दाखवा. पिन काढली म्हणजे टीव्ही निर्जीव झाला असं नाही. तो जाड कंडेन्सर, ज्यावर 400 किंवा 450 व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यात चार्ज राहतो. सप्लाय चालत नसेल तर जास्तच वेळ राहतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर पांढरा डाग आहे तो याच घाईचा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायचं नाही, ठिणगी उडून बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक जळतो. होल्डरमध्ये साधा 60 वॅटचा पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या दोन पायांना टेकवायच्या, मग मीटर लावून शून्याजवळ आलंय का बघायचं, मगच हात. बोर्डावर एक जाड रेघ मारलेली असते, तिच्या एका बाजूला भिंतीतून येणारा करंट, दुसऱ्या बाजूला थंड, म्हणजे त्यापासून वेगळी केलेली बाजू. पिन लावलेली असताना रेघेच्या भिंतीकडच्या करंटच्या बाजूला काही करायचं नाही. आणि घरात एकटं असताना तर नाहीच नाही.

मोजायचं असेल तर मीटरची काळी सुई टीव्हीच्या पत्र्याच्या चासीवर आणि तांबडी मेन बोर्डाकडं जाणाऱ्या कनेक्टरवर. तिथं बोर्डावरच 5 व्ही, 12 व्ही, पीएस-ऑन (मेन बोर्डानं सप्लायला दिलेला “चालू हो” हा इशारा) असं छापलेलं असतं. स्टँडबायला 5 आहेत आणि रिमोट दाबल्यावर 4 च्या खाली लोळतायत, तर सप्लाय दोषी. 5 ठणठणीत, पीएस-ऑनची पातळी बदलते, तरी 12 येत नाहीत, तरी सप्लायच. सगळे व्होल्टेज जागच्या जागी आहेत आणि टीव्ही लोगोवर अडकतो किंवा परत परत सुरू होतो, तर मग मेन बोर्ड किंवा सॉफ्टवेअर. 12 व्होल्ट येऊन लगेच पडत असतील तर पिन काढून, कंडेन्सर रिकामा करून पॅनेलकडं जाणारी चपटी पट्टी काढायची आणि परत बघायचं. आता टिकले तर दोष पॅनेलच्या बाजूला, आणि ती बातमी वाईट असते.

कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी जास्त, आणि 105 अंश तापमान सोसणाराच. 85 वाला दोन रुपये स्वस्त मिळतो आणि दुकानदार “काही फरक पडत नाही” म्हणतो. पडतो. जुना निघालेला पार्ट खिशात घालून न्यायचा, लांबी-रुंदीही जुळायला लागते, नाहीतर झाकण बसत नाही. बसवताना पांढऱ्या पट्ट्याची बाजू निगेटिव्ह. उलटा लावला तर फटाका वाजतो, आणि वास आठ दिवस घरातून जात नाही.

वळवाचं सांगतो. लाईट जाण्यानं टीव्ही सहसा मरत नाही, ती परत येताना मरतो. त्यातून खांबावरचं न्यूट्रल सुटलं तर सिंगल फेजच्या घरातही व्होल्टेज 400 च्या जवळ जाऊ शकतं. सप्लायच्या तोंडाशी फ्यूज असतो आणि शेजारी बहुधा निळी, बिस्किटासारखी चकती. व्होल्टेज वाढलं की ती चकती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि मागचं वाचवते. तुमच्याकडं तांबडा दिवा लागतोय, म्हणजे फ्यूज शाबूत आहे. परवाच्या झटक्यानं नवीन काही मोडलं असेल असं मला वाटत नाही, आधीच दमलेल्या कंडेन्सरला शेवटचा धक्का बसला असावा. दुसऱ्या कुणाचा फ्यूज उडालेला असेल आणि काच आतून काळी झाली असेल, तर नुसता फ्यूज बदलून पिन लावायची नाही. तोच 60 किंवा 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीकडं जाणाऱ्या एका वायरीच्या मधे, घ्या. एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर पुढं शॉर्ट आहे.

आवाज येतो पण स्क्रीन काळी, असं असेल तर गोष्टच वेगळी. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारायचा. आत फिकट चित्र हलताना दिसलं तर मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या. एक दिवा मेला की त्या ओळीचे सगळे विझतात. त्यासाठी पॅनेल उचलायला लागतं, ते घरी करायचं नाही. काचेचा कोपरा एक मिलीमीटर चुकीचा वाकला की टीव्ही भंगारात. बदलायच्या तर सगळ्या पट्ट्या एकदम, आणि नंतर सेटिंगमधला बॅकलाईट शंभरवरून पन्नास-साठवर आणायचा.

पाण्यात भिजलेल्या टीव्हींचंही सांगतो. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर दुकानात टीव्हींची रांग लागली होती. वाचलेले बहुतेक असे, की ज्यांच्या मालकांनी “बघू लागतोय का” म्हणून पिन लावून बघितली नव्हती. गाळ धुता येतो, बोर्ड वाळवता येतं. ओल्यावर करंट सोडला की ट्रॅकच खाऊन जातो. पॅनेलच्या थरांत पाणी शिरलं असेल तर मात्र डाग कायमचा.

आता साडेसात हजारांचं. मेकॅनिकला दोनच प्रश्न विचारा: कुठलं बोर्ड, सप्लायचं की मेन? आणि कुठले व्होल्ट येत नाहीयेत? त्यानं शांतपणे उत्तर दिलं तर माणूस कामाचा आहे. “ते तुम्हाला नाही कळायचं” म्हणाला तर टीव्ही उचलून घरी आणा. दोन्ही एकाच बोर्डावर असतील तर बदललेलं बोर्ड तुमच्याच पॅनेल नंबरचं आहे ना, तेही विचारा, नाहीतर चित्र उलटं किंवा भुतासारखं दिसतं. जुनं बोर्ड मागून घ्या, ते तुमचं आहे. माझ्या मते तुमचं काम कंडेन्सर आणि मजुरी धरून हजाराच्या आत बसायला हवं. पॅनेल गेलं असतं तर मीच म्हटलं असतं, नवीन बघा.

मुलाला उघडू द्या, पण पहिल्या दिवशी फक्त बघण्यापुरतं. स्क्रू कुठला कुठं होता याचे मोबाईलवर फोटो काढायचे, सप्लायच्या बोर्डाचा वरून एक स्वच्छ फोटो इथं टाकायचा, आणि ड्रायर मारल्यावर किती सेकंदांत लागला ते लिहायचं. तोवर रात्री बटण बंद करू नका, टीव्ही स्टँडबायलाच राहू द्या, पाऊस-विजा नसतील तर. आत थोडी ऊब राहते, आणि सासूबाईंना सकाळी तासभर थांबायला लागणार नाही.