मॉडेलचे ‘अंशांकन’ की ‘जुळवणी’?

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: मलप्रभा नदीच्या पाणलोट क्षेत्राचे संगणकीय मॉडेल केले आहे, मराठी गोषवाऱ्यात ‘कॅलिब्रेशन’ला ‘अंशांकन’ लिहू की ‘प्रमाणीकरण’? आणि ‘व्हॅलिडेशन’ला काय?

माझ्या मते पहिल्यासाठी दोन्ही नकोत. अंशांकन म्हणजे अंशांच्या खुणा आखणे. तापमापकाची नळी, पर्जन्यमापकाचे मोजपात्र, तिथे हा शब्द चपखल बसतो. मॉडेलला कुठली आलीय नळी? तिथे करायचे ते असे: नदीच्या उगमाशी, कणकुंबीकडे पडलेला पाऊस मॉडेलला द्यायचा; किती पाणी जमिनीत मुरेल, किती झाडे आणि उन्हे घेऊन जातील, उरलेले नदीत यायला किती वेळ लावेल हे ठरवणारी प्राचले (पॅरामीटर) कमीजास्त करत राहायची; आणि मॉडेलचा प्रवाह नदीत प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाच्या जवळ आला की थांबायचे. तंबोरा आपण ‘जुळवतो’, तसेच हे. म्हणून ‘प्राचलांची जुळवणी’, किंवा नुसते ‘जुळवणी’. ‘प्रमाणीकरण’ वाचून तर दाखल्यावरचा शिक्काच आठवतो.

जुळवणी कशाशी, हेही वाक्यात यायला हवे. मलप्रभेवरच्या नविलतीर्थ धरणाखालचा प्रवाह घेतलात, तर तो पावसापेक्षा दरवाजे कधी उघडले ते सांगतो. मॉडेलमध्ये धरणाचे व्यवहार घातले नसतील, तर वरच्या अंगाचीच नोंद घ्या.

‘व्हॅलिडेशन’ला ‘पडताळा’. पडताळा घ्यायचा तो जुळवणीत न वापरलेल्या वर्षांवर. त्याच वर्षांवर घेतला तर तो पडताळा कसला, पाठांतर झाले. नॅश आणि सटक्लिफ यांनी 1970 मध्ये सुचवलेला गुणांक दोन्हीकडे द्या: 1 म्हणजे तंतोतंत जुळले, 0 म्हणजे रोज सरासरी प्रवाह लिहून ठेवला असता तरी तेवढेच साधले असते. तो शून्याच्या खालीही जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वाक्य असे करता येईल: ‘पहिल्या काही वर्षांच्या प्रवाहाशी प्राचलांची जुळवणी केली आणि पुढच्या वर्षांवर पडताळा घेतला.’

जाता जाता: आपल्याकडच्या कन्नड सरकारी पाट्यांवर पाणलोटाला ‘जलानयन’ असते. कन्नडातला हा रुळलेला शब्द संस्कृतच असल्याने बेळगाव-खानापूरच्या वाचकाला अडणार नाही, पुण्याचा परीक्षक मात्र थबकेल. ‘पाणलोट’च ठेवा.