शत्रूच्या तुरुंगांची नोंदवही

एक सरकार दुसऱ्या देशातल्या मानवी हक्कांवर अहवाल काढतं, त्यांबद्दलचे प्रश्न या वेळच्या टपालात बरेच आले. त्यातले चार घेतो.

शत्रुराष्ट्र कोणाला आत येऊ देत नाही. मग तिथल्या तुरुंगांत काय चाललंय हे दुसऱ्या सरकारला कळतं कसं? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

गुप्तहेरांमुळे कळतं, हा समज सिनेमाने करून दिलाय. निदान या अहवालांचं बरंचसं काम दूतावासातले अधिकारी उघडपणे करतात. स्थानिक वर्तमानपत्रं वाचायची, वकिलांना आणि कैद्यांच्या नातेवाइकांना गाठायचं, खटल्याच्या दिवशी कोर्टात जायचं. चीनमध्ये अशा खटल्यांना पाश्चात्त्य अधिकाऱ्यांना अनेकदा आत सोडलेलं नाही, ते बाहेरच ताटकळले.

जिथे दूतावासच नाही तिथे पळून आलेल्या माणसांवर भिस्त. दक्षिण कोरियाने २०२३ मध्ये उत्तर कोरियावरचा अहवाल पहिल्यांदा जाहीर केला, तो ५०८ जणांच्या साक्षींवर उभा आहे. यात एक गोम आहे. पळून येणारे बहुतेक चीनच्या सीमेलगतच्या प्रांतांतले, आणि दक्षिणेत पोहोचेपर्यंत त्यांची माहिती जुनी झालेली असते. त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याशी आणि उपग्रहचित्रांशी ताडून बघावं लागतं.

मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते झाल्झगिटर. बर्लिनची भिंत उभी राहिली त्याच वर्षी, १९६१ मध्ये, पश्चिम जर्मनीने आपल्या या शहरात पूर्व जर्मनीतल्या अत्याचारांचं एक नोंदणी कार्यालय उघडलं. सीमेवर कोणावर गोळी झाडली, तुरुंगात कोणाला मारहाण झाली, कोणत्या न्यायाधीशाने राजकीय शिक्षा दिली, एवढंच टिपायचं. आरोपी भिंतीपलीकडे, म्हणजे खटला चालण्याची शक्यता जवळजवळ नाही. पूर्व जर्मनी ते बंद करा म्हणून हटून बसली होती, आणि पुढे पश्चिमेतल्याच काही राज्यांनी ‘आता कशाला चिघळवायचं’ म्हणत पैसे थांबवले. तरी ४० हजारांच्या आसपास प्रकरणं नोंदली गेली. १९९० मध्ये देश एक झाला आणि सरकारी वकिलांना तयार फायली मिळाल्या. कार्यालय उघडण्यामागे शीतयुद्धाचं राजकारण होतंच. पण तेवढ्यावरून नोंदी खोट्या ठरल्या नाहीत.

अमेरिकेला जगाची तपासणी करायचा अधिकार दिला कोणी? (निवृत्त मुद्रणालय कर्मचारी, नाशिकरोड)

कोणीच नाही. अधिकाराचा प्रश्न मुळात तिच्या घरातला होता. आपला पैसा आणि शस्त्रं कोणाच्या हातात जातात, हे तिथल्या संसदेला कळायला हवं होतं, म्हणून परकीय मदतीच्या कायद्यात १९७०च्या दशकात दुरुस्त्या झाल्या आणि परराष्ट्र खातं मानवी हक्कांचे अहवाल संसदेला देऊ लागलं. १९७७चा पहिला अहवाल ८२ देशांवर होता, आणि ते देश मदत घेणारे होते. सोव्हिएत संघासारख्या प्रतिस्पर्ध्यांवर लिहायला नंतर सुरुवात झाली.

चीनने २००० पासून उलट अहवाल सुरू केला, अमेरिकेतल्या मानवी हक्कांवर. बंदुकांचे बळी, पोलिसांचा वंशभेद, गरिबी. त्यातला बराच भाग खराही असतो, कारण मजकूर अमेरिकेच्याच वर्तमानपत्रांतून आणि सरकारी आकडेवारीतून उचललेला असतो. बीजिंगमधल्या वर्तमानपत्रांतून चीनबद्दल असा अहवाल कोणी लिहून दाखवावा!

अशा कागदांचा आमच्या धंद्याशी काही संबंध? (द्राक्ष निर्यातदार, पिंपळगाव बसवंत)

थेट संबंध येऊ शकतो. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुस्लिमांच्या सक्तमजुरीबद्दलच्या माहितीवरून अमेरिकेने कायदा केला, तो जून २०२२ पासून लागू आहे. त्या प्रांतातला कोणताही माल सक्तमजुरीचाच धरला जातो, तसा नाही हे सिद्ध करणं आयातदाराच्या डोक्यावर. कापूस आणि टोमॅटोवर विशेष नजर असली तरी तिथल्या तुर्फानचे बेदाणेही त्यात आलेच. तुमच्याकडे खरेदीदार मजुरांची हजेरी, वय, मजुरी विचारू लागला तर कागद तयार ठेवा.

आपल्यावर लिहिलं की आपण ‘पक्षपाती’ म्हणतो. भारत स्वतः चीन-पाकिस्तानवर असा अहवाल काढतो का? आणि मग विश्वास ठेवायचा कोणावर? (पंचवटी)

वार्षिक अहवाल नाही. पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांबद्दल परराष्ट्र मंत्रालय संसदेतल्या उत्तरांत आणि संयुक्त राष्ट्रांत बोलतं. एखाद्या देशाला लक्ष्य करणारे ठराव उपयोगाचे नसतात, ही आपली जुनी भूमिका. ऑक्टोबर २०२२ मध्ये जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत, शिनजियांगवर नुसती चर्चा घ्यायचा प्रस्ताव आला, तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. ११ देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. मात्र श्रीलंकेच्या बाबतीत २०१२ मध्ये आपण ठरावाच्या बाजूने मत दिलं आणि २०१४ मध्ये तटस्थ राहिलो. तत्त्वाला राजकारणाची जोड सगळेच देतात, आपणही.

विश्वासाचं म्हणाल तर एक सोपी युक्ती सांगतो. शत्रूवरचा अहवाल वाचण्याआधी त्याच सरकारचा मित्रावरचा अहवाल वाचा, तोही दोन लागोपाठच्या वर्षांचा. अमेरिकेच्या अहवालात मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशावर आधी बेकायदा हत्या, छळ आणि जीवघेणे तुरुंग यांची जंत्री होती. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने हाकललेली माणसं त्या देशाने स्वतःच्या महातुरुंगात ठेवून घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला, २०२४ सालावरचा अहवाल म्हणतो की, तिथे मोठ्या उल्लंघनांची विश्वासार्ह माहिती नाही. त्या वर्षी बहुतेक देशांवरचे अहवालही खूप आटले. मधल्या काळात तुरुंग तेच होते. तेव्हा अहवालात काय लिहिलंय ते पुराव्यावर तपासा, आणि गेल्या वर्षीचं काय गाळलंय ते पेन्सिलने खुणा करत तपासा. दोन्ही अहवाल फुकट वाचायला मिळतात.