जावा बेटावरचं छोटं शेतकरी गाव कसं असतं?

इंडोनेशियातलं जावा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भातखाचरं येतात, पण मी तुम्हाला सेंबुंगान गावाबद्दल सांगतो. मध्य जावात वोनोसोबो जिल्ह्यात, डिएंगच्या पठारावर हे गाव आहे, उंची साधारण 2,300 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही कितीतरी वर आणि तिथे लोक घरं बांधून शेती करतात! जावातलं सगळ्यात उंच गाव म्हणून ते ओळखलं जातं.

इथे भात नाही, बटाटा. गावाला लागून चेबोंग नावाचा तलाव आहे आणि चहूबाजूंनी डोंगर अगदी वरपर्यंत बटाट्याच्या वाफ्यांनी भरलेले. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री एवढी थंडी पडते की पहाटे पानांवर पांढरा बर्फाचा थर दिसतो, पर्यटक फोटो काढतात पण तीच पानं नंतर करपून काळी पडतात, शेतकरी त्याला ‘बुन उपास’ म्हणजे विषारी दव म्हणतात. पिकाचं नुकसान होतं ते वेगळंच, त्यात झाडं तोडून तीव्र उतारावर लागवड केल्याने पावसात माती वाहून जाते, मला याचं फार वाईट वाटतं.

कारिका नावाची छोटी डोंगरी पपई पण होते, ती पाकात शिजवून विकतात.

आणि जवळच डिएंगला सातव्या-आठव्या शतकातली शिवमंदिरं आहेत, नावं काय तर अर्जुन, भीम, घटोत्कच! ही नावं स्थानिकांनी नंतर दिलेली आहेत, तरी ऐकून आपल्याला एकदम घरचं वाटतं.