व्हॅनोसची सीलं बदलू की अख्खं युनिट?

तुमचा प्रश्न असा आहे: २००३ ची बीएमडब्ल्यू ३२५आय, १,३०,००० मैल झालेले. सकाळी सुरू केल्यावर थरथरते, ३००० आरपीएमच्या खाली ओढ नाही आणि गॅरेजवाला म्हणतो व्हॅनोस युनिट बदला. नुसती सीलं बदलून भागेल का, आणि ते घरी करता येईल का?

दोन्हींचं उत्तर हो. पण सीलं मागवण्याआधी दुसरी एक गोष्ट तपासा, नाहीतर माझ्यासारखे सकाळच्या थरथरीचं खापर भलत्यावरच फोडाल. माझीही हीच गाडी, हेच एम५४ इंजिन, न्यू जर्सीत, घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. बालपण कोल्हापुरात मामाच्या गॅरेजमध्ये पाने पुसण्यात गेलं, एवढंच काय ते माझं शिक्षण. पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण ते कळलं की गॅरेजवाल्याशी बोलणं सोपं जातं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, हेडवर बसवलेला अॅल्युमिनियमचा डबा म्हणजे व्हॅनोस. एम५४ ला इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारा) दोन्ही कॅमशाफ्टना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, तो आहे, म्हणून डबल व्हॅनोस. डब्यात दोन पिस्टन. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, इंजिन ऑइलचा दाब कधी पिस्टनच्या पुढून, कधी मागून सोडतो आणि पिस्टन पुढे-मागे सरकतो. पिस्टनला जोडलेल्या शाफ्टवर तिरके दाते आहेत. जत्रेत पीळ दिलेल्या तारेवरून वर ढकललं की गरगरत उडणारं भिरभिरं मिळायचं ना, तीच युक्ती: सरळ ढकललं की गोल फिरतं. इथे फिरतो तो कॅमशाफ्ट, चेनच्या चक्राच्या तुलनेत काही अंश. त्यामुळे व्हॉल्व्ह लवकर किंवा उशिरा उघडतात आणि कमी आरपीएमलाही इंजिनात ओढ राहते.

आता सील. पिस्टनच्या खाचेत दोन कड्या असतात. बाहेर टेफ्लॉनची, जी सिलिंडरच्या भिंतीला घासते, आणि तिच्या आत रबराची ओरिंग, जी टेफ्लॉनला बाहेर रेटून धरते. टेफ्लॉनला स्वतःची लवचिकता जवळजवळ नाहीच, सगळा जोर आतल्या रबराचा. कंपनीने ते रबर नायट्राइल जातीचं वापरलं. शंभर अंशांवरच्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षं शिजून ते कडक आणि चपटं होतं. घरच्या कुकरच्या रिंगचं जे होतं तेच. रिंग दिसायला धड, पण शिट्टी होत नाही, वाफ कडेने जाते. इथे ऑइल पिस्टनच्या कडेने निसटतं, दाब धरत नाही, आणि कॅमशाफ्ट सांगितलेल्या जागी वेळेवर पोचत नाही किंवा पोचून टिकत नाही.

कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर फेकत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं मात्र तसंच आहे. त्याचीही बाजू आहे म्हणा. नवीन युनिट बसवलं की त्याचे मजुरीचे तास ठरलेले, डोक्याला ताप नाही, हमी कंपनीची. मलाही डीलरने युनिटचाच अंदाज दिला होता आणि तो आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास होता. सीलांचा संच मला शंभर डॉलरच्या आत मिळाला. त्यात ओरिंग व्हायटॉनची असते. व्हायटॉन दोनशे अंशांपर्यंतची उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसतं, त्यामुळे हे दुखणं पुन्हा लवकर येत नाही.

आता ती आधी तपासायची गोष्ट. सकाळची थरथर आणि कमी आरपीएमचा मंदपणा ही दोन वेगळी लक्षणं आहेत आणि त्यांचं कारण एकच असेल असं नाही. या इंजिनाला हवा चोरून आत घेण्याची खोड आहे. एअर मास सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी भाता घडीच्या आत चिरतो आणि वरून काहीच दिसत नाही. क्रँककेसचा श्वास नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या थंडीत तडकतात. इनटेक मॅनिफोल्डमधला, हवेची वाट बदलणारा डिसा व्हॉल्व्ह सैल होतो, त्याची पाती खडखडते. यातलं काहीही झालं की मोजलेल्या हवेपेक्षा जास्त हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी सकाळी थरथरते. व्हॅनोसची सीलं गेली तरी लक्षणं थोडीफार तशीच. म्हणून आधी स्मोक टेस्ट करून घ्या. धूर आत सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं, अर्ध्या तासाचं काम. माझ्या गाडीत खालच्या भात्याला बोटभर चीर निघाली. भाता बदलला आणि थरथर गेली. तोवर मी महिनाभर घरात सगळ्यांना व्हॅनोस व्हॅनोस म्हणून पकवलं होतं. बायको अजून फ्रीज बिघडला तरी विचारते, "व्हॅनोस का?"

ओढ मात्र भाता बदलूनही आली नाही. सिग्नलवरून निघताना मागे कोणीतरी दोर बांधून धरल्यासारखं, आणि तीन हजार ओलांडले की अचानक दोर सुटल्यासारखं. हे सीलांचं काम. खात्रीसाठी मी एक केलं: व्हॅनोसच्या दोन्ही सोलेनॉइडचे प्लग काढून गाडी चालवली. चेक इंजिनचा दिवा लागतो, घाबरू नका, नंतर स्कॅनरने कोड पुसता येतो. धड चालणारं व्हॅनोस असं बंद केलं की गाडी खालच्या आरपीएमला स्पष्ट मलूल होते. माझ्या गाडीला काहीच फरक पडला नाही. म्हणजे ते आधीच सुट्टीवर होतं. एरवी स्कॅनरवर कोड येईलच याची वाट बघू नका, मला एकही आला नव्हता.

काम घरी होतं का? टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, आधी कधी उघडलं असेल तर होतं. नसेल तर आधी उघडलेल्या कोणाला तरी सोबत घ्या. मला दोन शनिवार लागले, पैकी पहिला निव्वळ भीतीत गेला.

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. केबिन फिल्टरचा खोका, इंजिनावरची आवरणं, कॉइल, मग टॅपेट कव्हर. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर पुढे व्हिस्कस पंखा आहे, त्याचा नट ३२ च्या पान्याचा आणि उलट्या आट्यांचा. ऑटोमॅटिकला पंखा विजेचा, तो आख्खा वर उचलून निघतो. कव्हर प्लॅस्टिकचं आहे आणि वीस वर्षांत पापडासारखं झालेलं असतं. पट्टीचा पेचकस घालून उचकटू नका, रबरी हातोडीने कडेकडेने ठोका.

कव्हर निघालं की लगेच चेनच्या खड्ड्यात स्वच्छ फडकी कोंबा. लगेच म्हणजे लगेच. मी चहा प्यायला आत गेलो, परत आल्यावर कव्हरच्या नटांखालचे रबरी वायसर मोजले तर एक कमी. लोखंडी असता तर चुंबकाने काढला असता, रबराला चुंबक काय करणार? दोन तास टॉर्च आणि बारीक चिमटा घेऊन त्या खड्ड्यात डोकावत होतो. अंधार पडल्यावर आवरताना कव्हर उचललं, तर वायसर त्याच्याच पोटाला ऑइलने चिकटलेला.

मग टायमिंग, म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ. क्रँकच्या मधल्या २२ च्या बोल्टवर पाना लावून इंजिन घड्याळाच्याच दिशेने फिरवा, उलट कधीच नाही. पहिल्या सिलिंडरचे इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम एकमेकांकडे तोंड करून आले की पहिला पिस्टन वरच्या टोकाला आहे. इथे थांबायचं, आणि युनिट परत बसेपर्यंत क्रँक किंवा कॅम तसूभरही हलवायचे नाहीत. नुसत्या सीलांसाठी टायमिंग उघडावं लागत नाही, फक्त जे आहे ते हलू द्यायचं नाही. मी तरी क्रँकची पिन आणि कॅम धरणारी हत्यारं मागून आणली, कारण माझा स्वतःवर तेवढा भरवसा नाही. तुम्हीही आणा. टायमिंग दात्याने चुकलं तर मग सीलं, युनिट, डीलर सगळं विसरा.

ऑइलची नळी सोडा. युनिटच्या तोंडावरची दोन गोल झाकणं काढली की आत पिस्टनला शाफ्टशी जोडणारा टॉर्क्सचा, म्हणजे चांदणीच्या खाचेचा, स्क्रू दिसतो. याचेही आटे उलटे आहेत. सोडायचा असेल तर घट्ट करायच्या दिशेने फिरवावा लागतो. बहुतेकांचा टॉर्क्स इथेच गोल होतो, कारण हाताला सवय दुसरी असते. मी मार्करने युनिटवर बाण काढून ठेवला होता. मग युनिटचे नट काढून डबा सरळ पुढे ओढायचा.

खरं सीलांचं काम यानंतर तासाभराचं आणि टेबलावर बसून करायचं आहे, त्यामुळे त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनी टेफ्लॉनची कडी पात्याने कापा, पण पातं खाचेच्या अॅल्युमिनियमला लागू देऊ नका. तिथे ओरखडा पडला तर नवीन सील काय करणार? आतली जुनी ओरिंग हातात घेऊन वाकवून बघा. माझी वाकली नाही, मोडली. नवीन ओरिंग बसवा, टेफ्लॉनची कडी गरम पाण्यात दोन मिनिटं टाकून मऊ झाली की हळूहळू ताणून तिच्यावर चढवा. ती ताणलेलीच राहील आणि पिस्टन भोकात जाणार नाही असं वाटेल. घाई करू नका. ऑइल लावून बोटांनी गोल दाबत राहिलं की टेफ्लॉन परत आकसतं, मग पिस्टन थोडा फिरवत आत सोडा. हाताने सरकवल्यावर सारखा, जडसर अडसर जाणवला पाहिजे. जुन्या सीलांवर तो सैल घरंगळतो.

युनिट उघडलंच आहे तर पिस्टनच्या आतलं बेअरिंगही बघा. गरम इंजिनात दोन-अडीच हजार आरपीएमला पुढून टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर तो सीलांचा नाही, त्या बेअरिंगमधल्या मोकळीकीचा आहे. त्यासाठी थोडी पातळ कडी वेगळी मिळते. माझ्याकडे आवाज नव्हता, मी हात लावला नाही.

परत बसवताना व्हॅनोसचं गॅस्केट आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट नवीनच घाला. हेड आणि युनिट जिथे भेटतात त्या कोपऱ्यांवर आणि मागच्या अर्धगोलांवर सीलंटचा बारीक ठिपका. कव्हरचे नट १० न्यूटन मीटर, त्याहून जास्त नाही. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा, कारण "अजून थोडं" म्हणून आवळलेलं हे कव्हर तडकतं आणि मग ऑइल एक्झॉस्टवर ठिबकून जळका वास गाडीत येतो.

सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं टकटक होईल, युनिटमध्ये ऑइल भरेपर्यंत. फरक लगेच जाणवला, पण पूर्ण नाही. नवीन टेफ्लॉनला घासून बसायला वेळ लागतो. माझ्या गाडीत दोनेकशे मैलांनंतर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरही ती विनातक्रार ओढायला लागली. पेट्रोलच्या अॅव्हरेजमध्ये फार फरक पडेल अशी आशा धरू नका, मला तरी मोजण्यासारखा दिसला नाही.

खाली एकाने विचारलंय की पुण्यातल्या त्यांच्या स्विफ्टला हे लागू आहे का. नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत टायमिंग बदलणारी यंत्रणा कॅमच्या चक्रातच असते, पात्यांची, तिथे अशी पिस्टन सीलं नाहीत. बीएमडब्ल्यूनेही पुढच्या एन५२ इंजिनात तेच केलं. त्यांचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला तोवर एम५४ बनणं थांबलं होतं, त्यामुळे भारतात हे इंजिन दिसलं तर ती गाडी आयात केलेली. स्विफ्टमध्ये तक्रार असेल तर आधी ऑइलची पातळी आणि ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह बघा.

तुमची गाडी मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक ते लिहिलेलं नाही, तेवढं सांगा. आणि स्मोक टेस्टमध्ये काय निघालं तेही इथेच टाका. भाता चिरलेला निघाला तर सीलांची ऑर्डर आठवडाभर थांबवा, आधी भाता बदलून गाडी चालवून बघा.